कादरभाऊंची भिंत

सांगितलं तर खोटं वाटंल, पन जो मानूस दरीकाठच्या पॉइंटवर धुक्यात उभा राहून जन्मभर 'साहेब, फोटू काढू का फोटू' म्हनत लोकांच्या मागं पळाला, त्याच मानसाला आमच्या संग्रहालयानं फोटो काढू न द्यायच्या कामावर ठेवलं. आता बोला!

मी सविता, टाकवे बुद्रुकची. लोणावळ्यातल्या ह्या चित्रसंग्रहालयात तिकिटाच्या खिडकीत बसते. कादरभाऊ तांबोळी सोमाटण्याचे, आतल्या दालनात पहाऱ्याला. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आन पॉइंटवर फोटोवाल्याला कुत्रं विचारीना, तवा ते हितं आले.

बाकीचे पहारेकरी 'ओ मॅडम, फोटो बंद' म्हनून वरडत्यात. कादरभाऊ न्हाई वरडत. कुनी मोबाइल वर केला की हे गुमान जाऊन चित्राच्या म्होरं उभे राहत्यात आन दात काढून हसत्यात. बघनारा डावीकडं सरकला की हे डावीकडं, उजवीकडं सरकला की उजवीकडं. कुटं उभं राहिलं म्हंजे सगळा फोटो बिघडतो, हे त्यांच्याइतकं कुनाला ठावं? शेवटी मानूस हसतो आन मोबाइल खिशात घालतो. येकदा येक काका सेल्फीच्या नादात उलटे चालत थेट मातीच्या मूर्तीवर निघालते. भाऊंनी त्यांना मागनं असं कवळा घालून धरलं, जसं दरीच्या काठावर गिऱ्हाइकाला धरत हुते. काका चिडले, मंग मागं वळून मूर्ती बघितली आन हात जोडले.

दिवाळी झाल्यावर मॅडमनी नवं प्रदर्शन मांडलं. मॅडम म्हंजे संग्रहालयाच्या प्रमुख, पुण्याच्या. बाई सरळ, पन कामाला लय कडक. विषय काय, तर लोणावळ्याला फिरायला आलेल्या लोकांचे जुने फोटो. मुंबई-पुण्याच्या घराघरांतनं लोकांनी आपापल्या अल्बममधले काढून दिले. अट येकच हुती. आमच्या घरची मानसं हायेत, हे फोटो परत कुनी मोबाइलवर काढून गावभर करायचे न्हाईत.

फ्रेमा टांगायला कादरभाऊच हुते. येक फ्रेम हातात घेतली आन गडी जागच्या जागी थांबला. फोटोत नवराबायको, मागं दरी, मांडीवर बाळ खदाखदा हसतंय.

"ह्ये बाळ लय रडत हुतं," भाऊ म्हनाले. "मी माकडाचा आवाज काढला, तवा कुटं हसलं. ह्यो फोटू मी काढलाय."

 मंग दुसरा, तिसरा, चौथा. निम्मी भिंत भाऊंची! आन दर फोटोच्या खाली छापील पाटी काय, तर 'छायाचित्रकार अज्ञात'. माझं डोकंच फिरलं. मी तशीच मॅडमच्या खोलीत गेले आन सांगून मोकळी झाले. भाऊ मागनं 'आगं सविता, ऱ्हाऊ दे' करत आले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हनाल्या की कादरभाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण पॉइंटवर तेव्हा किती तरी फोटोवाले होते. हे प्रदर्शनाच्या पुस्तकात छापलं जाणार, ते रविवारी संध्याकाळी छपाईला जाणार. उद्या दुसऱ्या कुणी म्हटलं की फोटो माझा, तर मी काय उत्तर देऊ? काही पुरावा आणा, मी स्वतः नाव घालते. खरं सांगायचं तर बाईचं काय चुकलं न्हाई. पन पुरावा आनायचा कुटनं? पॉइंटवरच्या फोटोवाल्याचं काय राहतं मागं? फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं.

जेवायच्या सुट्टीत भाऊ भाकरीचा तुकडा हातात धरून बसले हुते. मला वाटलं, झालं गेलं इसरले. तर म्हनाले, "नावाचं काय घेऊन बसलीस, सविता. पन जैतुनला येकदा दावायचं हुतं. तिच्या बापानं मरेस्तोवर ऐकवलं, फोटोवाल्याच्या गळ्यात पोर बांधली. मी धुक्यात काय करत हुतो ते तिनं कंदी बघितलंच न्हाई. घरी आनायला येक बी फोटू उरायचा न्हाई."

आता तुमीच सांगा, हे ऐकून मला घास उतरनार हुता का?

रविवार उजाडला. प्रदर्शनाला ही गर्दी. दुपारी जरा तिकिटं थांबली तशी मी आत गेले आन त्या भिंतीपुढं उभी राहिले. मॅडमनी वर येक मोठी पाटी लिहिलेली, त्यात त्या काळच्या गॉगलच्या फॅशनबद्दल दोन ओळी हुत्या. मी फोटो बघितले. खरंच की, फोटोतल्या नवऱ्याला गॉगल, पलीकडच्या कॉलेजच्या पोराला गॉगल, नऊवारीतल्या येका आजीला बी गॉगल. आन सगळ्यांचा गॉगल येकच! डाव्या काचेचा वरचा कोपरा उडालेला, तो बी सगळ्यांचा.

मी भाऊंना खसकन वढलं. ते बघून ओशाळले. म्हनाले, फॅशन कसली, तो माझाच गॉगल. ऊन आलं की गिऱ्हाईक डोळे बारीक करायचं, म्हनून मी घालायला द्यायचो. येकाच्या हातनं दगडावर पडला आन टवका गेला.

"आता कुटं हाय तो?"

"घरी आसंल. जैतुन काय टाकत न्हाई."

झालं! मी त्यांच्या जुनेदला फोन लावला. जुनेद त्यांचा थोरला, तळेगावच्या कंपनीत हाय, त्या दिवशी सुट्टीवर हुता. म्हनलं, घर उलथंपालथं कर पन गॉगल घेऊन ये, पाचच्या आत, पुस्तक जायच्या आधी. तितनं म्होरं माझा जीव काय ठिकानावर न्हाई. रविवारचा हायवे म्हंजे मुंबईच्या गाड्यांचा बाजार. जुनेदचा फोन आला, कामशेतला अडकलोय. मी लोकांना सुट्टे पैशे चुकीचे देत हुते. मॅडम खोलीत पुस्तकाचं शेवटचं पान तपासत बसलेल्या. आन कादरभाऊ? ते आपले येका मोबाइलवाल्याच्या म्होरं उभे राहून हसत हुते. मला असा राग आला म्हनता!

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. मागं जैतुनभाभी, डोक्यावर पदर घट्ट, आन डोळ्यांवर तो मोठा काळा गॉगल. पिशवीत मोडला आसता, म्हनून बाईनं सोमाटण्यापासनं डोळ्यांवर घालून आनला. रस्त्यानं लोक बघत्यात तर बघू देत, म्हनाल्या. मी हसू का रडू.

मॅडमनी गॉगल हातात घेतला. कॉम्प्युटरवर मूळ फोटो मोठे केले. तोच टवका, तीच कड, येका फोटोत, दुसऱ्यात, सगळ्यात. मॅडम आपल्याच फॅशनच्या ओळी वाचून इतक्या हसल्या की डोळ्यांतनं पानी आलं. मंग खुर्ची वढली, अज्ञात खोडलं, छापखान्याला फोन करून 'पाच मिनिटं थांबा' सांगितलं आन पुस्तक पाठवलं. नव्या पाट्या छापल्या, सोता दालनात जाऊन गॉगलवाल्या दर फोटोखाली चिकटवल्या.

वर म्हनाल्या, कादरभाई, आज तुमच्यासाठी एक फोटो चालेल, वहिनींना घेऊन या भिंतीपुढे उभे राहा. माझा मोबाइल तर हातातच हुता.

भाऊंनी मान हलवली. "न्हाई मॅडम. लोकांनी अटीवर दिल्यात. माझ्यापायी मोडली, तर मी उद्या कुनाला कोनत्या तोंडानं आडवू?"

माझा पार हिरमोड झाला. भाभी तोवर फोटोंकडं बघत हुत्या. येक बघितला, दुसरा बघितला, बाळाचा तर लय येळ बघितला. मंग त्यांची नजर खालच्या पाटीवर गेली. त्यांना वाचता येत न्हाई. नाव कुटं आसंल ते चाचपायला त्यांनी बोट पुढं केलं.

आन कादरभाऊ सवयीनं म्हनाले, "हात न्हाई लावायचा."

सगळं दालन वळून बघाया लागलं. मला वाटलं, आता ह्यांची काय धडगत न्हाई. पन भाभींनी बोट खाली घेतलं, पदर सारखा केला आन दोन्ही हात मागं बांधले, जसे शिस्तीतले लोक बांधत्यात.

"मंग वाचून दावा," त्या म्हनाल्या. "सगळ्यांना ऐकू जाईल आसं."

भाऊ पाटीपुढं आले.  मंग पॉइंटवर धुक्यात हाळी द्यायचे त्या आवाजात त्यांनी वाचलं, "छायाचित्रकार, कादर इब्राहिम तांबोळी, सोमाटणे."

कुनीच मोबाइल वर केला न्हाई. भाभी पुढच्या फोटोपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आता ह्याच्या खालचं," त्या म्हनाल्या.

भाऊंनी ते बी वाचलं. मंग त्याच्या पुढचं. गर्दी त्यांच्या मागनं सरकत हुती, आन मी तिकिटाची खिडकी उघडी टाकून त्या गर्दीत हुते.