कासवांच्या फोटोतला झोपलेला माणूस

काल जे. पी. नगरच्या घरी जुना अल्बम उघडला. डिंकाचा आंबूस वास आला आणि साठ सालच्या आसपासची अर्कावती नदी आठवली.

माझी थोरली बहीण अक्का बॉक्स कॅमेरा घेऊन वाळूत पालथी पडली होती. मी जरा हललो की कासवं डुबुक करून पाण्यात जायची. शेवटी वैतागून तिनं मला पलीकडच्या काठावर धाडलं. तिथं झाडाखाली मला झोप लागली, तेव्हा कुठं पाच कासवं खडकावर चढून माना ताणून उन्हात बसली.

तो फोटो स्टुडिओवाल्यानं काचेत लावायला मागितला. कुणी काढला, विचारलं. मी माझं नाव सांगितलं, आणि तेच फोटोखाली लागलं.

अक्कानं काचेला नाक लावून पाहिलं. धाकटा भाऊ म्हणून ती मला तम्मा म्हणायची. "तम्मा, झाडाखाली हा कोण रे? झोपेत फोटो काढतोस?"

ती हसली, म्हणून मीही हसलो. नाव मात्र मी बदललं नाही. पुढं कधीही मी तिच्या हातात कॅमेरा दिला, की ती म्हणायची, "तूच काढ. तुला झोपेतही जमतं."

अक्का आता नाही. अल्बममध्ये त्या फोटोखाली लिहिलेलं माझं नाव आज मी खोडलं. फोटो अक्कानं काढला. झाडाखाली झोपलाय, तो मी.