दाजींनी बसवलेला काटा

माझे दाजी इंजिनाची नाडी स्क्रू-ड्रायव्हरने बघत. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निदान बाहेर पडे, "तिसरं पिस्टन कुरकुरतंय." माझ्या हळदीच्या दिवशी त्यांनी तेच टोक माझ्या पोटावर टेकवलं आणि सगळ्या मांडवाला सांगितलं, "इंजिन ब्येस हाय. टाकी तेवढी मोठी बसलीया." टाकी पुढे आणखी वाढली, हे मी नम्रपणे नमूद करतो.

दाजी म्हणजे आमच्या आक्काचे यजमान, आष्ट्याचे. उमेदीची वर्षं फौजेत तोफखान्याच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली. सत्तर सालानंतर ते वाईजवळच्या धरणाच्या कामावर मेकॅनिक म्हणून लागले आणि त्यांच्याच शब्दावर मला तिथल्या स्टोअरमध्ये कारकुनी मिळाली. पाना आणि पक्कड यांतला फरक मला तेव्हा नोंदवहीत कळत असे, हातात नाही.

कामावर परदेशी बनावटीचा एक टर्बोचा डंपर होता. धुराच्या जोरावर फिरणारा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो, तो टर्बो. भरलेला डंपर चढ चढू लागला की त्याची बारीक शिट्टी खोऱ्यात घुमे. दाजी शेडमध्ये बसून ती ऐकत. "फिल्टर चोंदलाय रं. वर यू दे, झाडून घिऊ." डंपर वर आल्यावर फिल्टर उघडला की आतून ओंजळभर धूळ निघे.

मग एका उन्हाळ्यात दाजी माझ्या विनोदांवर हसेनासे झाले. मी ते मनाला लावून घेतलं. हसलेच तर सगळे हसून झाल्यावर हसत. स्वतःच बोलत राहत, दुसऱ्याला बोलू देत नसत. माणूस मोठा झाला, आता मेव्हण्याची काय किंमत, असं मी आक्काकडे कुरकुरलोही.

त्याच सुमारास त्यांनी साहेबांकडे हट्ट धरला, की डंपरला बूस्ट गेज पाहिजे. पंखा किती हवा कोंबतो ते काट्यावर दिसलं, की बिघाड धूर दिसायच्या आधी कळेल. "शिट्टीचा काय भरवसा, सायब? काटा खोटं बोलत न्हाई." साहेब हो म्हणाले. मी तत्परतेने स्टोअरमधून गेज काढून दिलं. ते ब्रेकच्या हवेचं होतं, दहा किलो दाबापर्यंतचं, आणि टर्बोचा दाब जेमतेम एक किलो.

"वसंता, उसाच्या वजनकाट्यावर मुंगी चढवतुयास व्हय रं?"

शेवटी सांगलीला जाऊन, एका जैन व्यापाऱ्याचं दुकान अर्धा दिवस उपसून, मी दोन किलोचं गेज आणलं.

दाजींनी इंजिनाच्या हवेच्या वाटेवरचं एक बूच काढून तिथे तांब्याची बारीक नळी जोडायचं ठरवलं. हादऱ्याने तुटू नये म्हणून नळीला मध्ये दोन वेटोळी दिली. डॅशबोर्डवर गेज बसवलं. इंजिनाला जोडायच्या आधी केबिनमध्येच नळीच्या मोकळ्या टोकातून सायकलच्या पंपाने हवा भरून तपासणी सुरू झाली. काटा चढला आणि हळूहळू उतरू लागला. कुठेतरी गळत होतं. दाजी पंपाकडच्या सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधू लागले. शेडमध्ये जेवणाची सुट्टी, सगळं शांत. गेजच्या मागच्या नटातून स्वच्छ फुस्स आवाज येत होता. त्यांच्या कानापासून वीतभर.

"आवं दाजी, हितनं गळतंय की!"

त्यांनी मान वर केली नाही. मी खांद्याला हात लावून बोट दाखवलं. त्यांनी नटाकडे बघितलं, फेस लावला. बुडबुडे आले. दाजींनी ते बोटाने पुसले.

"कवापास्नं?" मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन विचारलं.

"दिवाळीपास्नं उजवा कान गेला. आता डावाबी." मग माझा दंड धरून म्हणाले, "सायबाला कळलं तर काडून टाकत्याल. आक्कालाबी बोलू नगंस. काटा हाय न्हवं आता? डोळं शाबूत हाईत माजं."

मी शब्द दिला.

काटा उत्तम चालला. महिनाभर कुणाला काही कळलं नाही. मग एके दुपारी धरणाच्या दगडखाणीत सुरुंगाचा भोंगा झाला. सगळे आडोशाला पळाले. खाणीच्या तोंडाशी डंपर उभा होता आणि दाजी त्याच्या इंजिनात वाकून नळी बघत होते. भोंगा संपत आला तरी वाकलेलेच. मी आयुष्यात तेवढा एकदाच धावलो. एक चप्पल वाटेत गेली. मी त्यांना कमरेला धरून डंपरखाली ओढलं.

"याड लागलं का रं, जाड्या?" ते ओरडले, आणि वरून दगड पडू लागले.

त्या दिवशी मी आक्काच्या हातचं जेवलो. ती वाढत होती, दाजी हसत होते. दुसऱ्या सकाळी मी साहेबांना जाऊन सांगितलं.

साहेब सज्जन होते. ते शेडमध्ये आले, दाजींच्या पाठीमागे उभे राहिले आणि हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. आम्ही सगळे बघत होतो. आमच्या नजरा बघूनच दाजी वळले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात पुसले. साहेब म्हणाले, गोदामात बसा, पगार तोच राहील.

"मेकॅनिक हाय, सायब. राखनदार न्हवं."

आठवड्याने ते आणि आक्का आष्ट्याला निघाले. एस. टी. सुटताना खिडकीतून मला एवढंच म्हणाले, "नळीचा सांधा दर म्हैन्याला बघत जा. हादऱ्यानं चिरतो."

पुढे मी आष्ट्याला जात राहिलो. दाजींनी तो विषय कधी काढला नाही. माझी टाकी, माझा पगार, माझी पोरं, सगळ्यांची चौकशी करत. त्याचाच मला जास्त त्रास होई. फौजेच्या शिस्तीने ते रोज सकाळी ओसरीवर आरसा टांगून दाढी करत. मी मागे जाऊन उभा राही आणि हळूच म्हणे, "दाजी, मी चुकलो काय?" ऐकू जाणार नाही हे माहीत असे, म्हणून तर धीर होई. दरवेळी विचारायचो. विचारलं म्हणून बरं वाटायचं आणि उत्तर मिळणार नाही म्हणूनही.

दाजी गेले. तेरावं झाल्यावर आक्का माझ्याजवळ येऊन बसली.

"वसंता, हे म्हनायचे, वसंता येतो आन् माज्या मागं उभा ऱ्हाऊन काय तरी बोलतो. आरशात व्हट हललेले दिसायचे त्यास्नी. काय बोलायचास रं?"

मी म्हणालो, "त्यांनी का न्हाई इचारलं मला?"

"मी म्हनलं हुतं, इचारा की. तर म्हनले, ऱ्हाऊ दे. मला सांगायचं असतं तर म्होरं आला असता."