माझं काय न्हाई

मारुंजीतल्या आमच्या घरमालकीणबाई प्रत्येक हुकमाआधी ‘माझं काय न्हाई, पण’ म्हणतात. माझं काय न्हाई, पण जिन्यात चपला नकोत. माझं काय न्हाई, पण पाव्हणे दोनच दिवस. काही नाही तर बोलता कशाला, असं मला दर वेळी तोंडावर विचारावंसं वाटतं.

नाताळला आई जालन्याहून आली. ती मटण करणार आणि आम्ही दोघं भाऊ रश्शात बाजरीची भाकरी कुस्करून खाणार, एवढाच आमचा बेत होता. बाईंनी जिन्यातच तिची पिशवी उघडून बघितली. “माझं काय न्हाई, पण मार्गशीर्ष हाय. घरात वशाट शिजवायचं न्हाई.”

मी भांडणारच होतो, पण आईनं माझा हात दाबला. नाताळच्या दुपारी आम्ही वांग्याची भाजी खाल्ली. बाई वर आल्या, एकेक झाकण उचलून खात्री करून घेतली आणि जाताना आईच्या चार करंज्या घेऊन गेल्या.

मार्गशीर्ष संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या मटणाचं पातेलं घेऊन दारात उभ्या. “तुमचा सण ऱ्हायला हुता ना. आईला वाढ, गरम हाय.”

दोन दिवसांच्या नियमानं आई कधीच जालन्याला परत गेली होती.

रस्सा झकास होता. त्याचाच मला जास्त राग आला.