सईद मिस्त्रींचं नाक

मेहकरात जानेफळ रस्त्याला सईद मिस्त्रींचं गॅरेज आहे. गिअरबॉक्स सोडून ते दुसऱ्या कामाला हात लावत नसत. ऑइलच्या डब्यावर काय छापलंय ते वाचत नसत. नकली माल खऱ्या डब्यात भरून येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. ते बोटावर थेंब घेत, चोळत, हुंगत आणि निकाल देत. गावात त्यांना 'नाक' म्हणत. नाकाकडे गाडी टाकली, नाक काय म्हणते, असं लोक बोलत.

करोनात त्यांना वास येईनासा झाला. ताप उतरला, वास परत आला नाही. ही गोष्ट फक्त त्यांची बायको जहांआरा हिला माहीत होती. दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन येई आणि उघड्या ऑइलजवळून जाई. गंधकाचा उग्र दर्प असला की ओढणी नाकावर घेई. नसला की नुसता डबा ठेवी. मिस्त्री बोट हुंगत, पण बघत तिच्याकडे.

शंतनु कोठाळे मूळचा मेहकरचा, पुण्यात नोकरीला. काकांनी मागे ठेवलेली साठ सालातली दोन सीटांची विलायती स्पोर्ट्स गाडी त्याने मेहकरला आणून मिस्त्रींकडे दिली. तिच्या गिअरबॉक्समध्ये पितळी कड्या असतात. गिअर बदलताना दातांचा वेग त्या कड्याच जुळवतात. जीएल-पाच जातीच्या ऑइलमध्ये गंधक जास्त, ते त्या पितळेला खातं. जीएल-चार हवं. शंतनुने दोन दुकानांतून एकेक डबा आणला होता. दोन्हींवर जीएल-चार छापलेलं.

पहिला डबा उघडला. जहांआराने ओढणी वर घेतली. मिस्त्रींनी बोट हुंगलं. "नकली आहे. पाच भरलं ह्याच्यात."

"तुमच्याआधी चाचींनीच ओळखलं की," शंतनु हसत म्हणाला.

समोरचे चहावाले उत्तमराव ग्लास घेऊन आले होते. ते ऐकायला थांबले. मिस्त्री घाईने बोलले, "तिले काय समजते. घरात भाजी जळून कोळसा होते, तरी तिले पत्ता नसते. बाईचं नाक नुसतं नथीसाठी असते."

शंतनु हसला. उत्तमराव जास्त हसले. जहांआराने ओढणी खाली घेतली.

दुसरा डबा उघडला. त्यालाही तोच दर्प होता, हे तिने नंतर शेजारणीला सांगितलं. त्या वेळी तिने जेवणाचा डबा बाकावर ठेवला आणि हात पुसले. ओढणी खांद्यावरच राहिली. मिस्त्रींनी बोट हुंगलं.

"हे अस्सल. डोळे मिटून गाडीत भरा."

दिवाळीपर्यंत गाडी खरखरू लागली. पुण्याच्या कारागिराने ऑइल काढलं तर त्यात पितळेचा चुरा चमकत होता. तो म्हणाला, याचा वास खोलीभर येतोय, तुमच्या मिस्त्रीला आला कसा नाही? हा प्रश्न घेऊन शंतनु मेहकरला आला.

तो भर दुपारी आला. जहांआरा डबा घेऊन उभी होती. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती.

"मिस्त्री, नवीन ऑइल आणलंय. सांगा बरं." बाटली त्याने सोडली नाही, स्वतःच त्यांच्या नाकाखाली धरली.

"काय म्हणते नाक?" उत्तमरावांनी दुकानातून विचारलं.

मिस्त्रींनी लांब श्वास घेतला. जहांआराकडे पाहिलं. ओढणी हलली नाही.

"जीएल-चार. पक्कं अस्सल."

शंतनुने कागद सोडला. बाटली पाण्याची होती. तिथेच उभा राहून तो ते पाणी प्यायला, झाकण लावलं आणि निघून गेला. भांडला नाही. उत्तमरावांनी मात्र संध्याकाळपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला पाण्याचा ग्लास देताना विचारलं, "हुंगून घे बे, चार आहे की पाच?"

घरी मिस्त्रींनी बायकोला विचारलं, "इशारा काऊन नाही केला?"

"कायचा करू? पाण्याले वास नसते."

"अन् त्या दिवशी? दुसऱ्या डब्याच्या वक्ती?"

"मले काय समजते," ती म्हणाली आणि ताटं घेतली.

गिअरबॉक्सचं काम आता येत नाही. मिस्त्री पंक्चर काढतात. दुपारचा डबा अजूनही जहांआराच आणते. उन्हाळ्यात कधी भाजी आंबलेली असते, कधी ताजी. मिस्त्री पहिला घास जिभेवर धरून थोडा वेळ थांबतात. तिला विचारत नाहीत.