दहा पौंडांची अट

आमचा मुलगा जन्मला तोच दुभंगलेला ओठ आणि फाटलेली टाळू घेऊन. वजन दहा पौंड झालं तरच त्याला भूल झेपेल, मग ओठाचं ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले. दर रविवारी पार्ल्याच्या दवाखान्यात आम्ही त्याचं वजन करत असू. निम्मं दूध नाकातून बाहेर येई. आठवड्याला दोन औंस वाढले तरी पुष्कळ. एका रविवारी काटा एकदम दहावर गेला. मला ते पटेना. मी दुपटं सोडलं, तर आत लोखंडी अडकित्ता!

"दृष्ट लागू नये म्हणून ठेवलाय," बायको म्हणाली.

"आजच बरी आठवली दृष्ट?"

"येणारी प्रत्येक बाई वाकून बघते नि चुकचुकते. किती दिवस ऐकू हो?"

अडकित्ता काढून पुन्हा वजन केलं. साडेनऊ पौंड.

"आणखी एक महिना," मी म्हणालो.

"तोवर दार लावूनच ठेवीन," ती म्हणाली.