फ्लॉपी, ठेचा आणि आमची सेल्स टीम

चार सेल्सवाले एकत्र चहा प्यायले की किस्सा जन्माला येतोच. आमच्या जळगावच्या ऑफिसात तर टीम वाढायच्या आधी किस्सेच वाढले! नव्वदच्या दशकात आम्ही तिथे अँटीव्हायरस विकायचो. कॉम्प्युटर मोजकेच होते, आणि ज्यांच्याकडे होते त्यांनी व्हायरस कधी पाहिलेला नव्हता. न दिसणाऱ्या रोगावर न दिसणारं औषध विकायचं! आणि त्यासाठी मला माणसं जमवायची होती.

*

पहिले आले देवरे. धुळ्याकडच्या साक्रीचे, पूर्वी बियाणं विकायचे. मी विचारलं, "कॉम्प्युटर येतो का?"

"नाही साहेब."

"मग जे दिसतच नाही, ते विकणार कसं?"

"बियाणं तरी मी कुठं उगवून दाखवत होतो? पिशवीच विकायचो!"

सोमवारपासून कामाला या म्हटलं.

*

आमचा माल फ्लॉप्यांवर यायचा. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या फ्लॉप्यांच्या पाऽर पुरणपोळ्या व्हायच्या. देवरेंनी त्यावर तोड काढली. फ्लॉप्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात, वरच्या कप्प्यात. खालच्या कप्प्यात भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

साक्रीच्या एका खतविक्रेत्या नानांसमोर त्यांनी डबा उघडला. फ्लॉपी बाहेर आली आणि पाठोपाठ ठेच्याचा असा ठसका, की नानांच्या डोळ्यांत पाणी! डोळे पुसत नाना म्हणाले, "हाऊ ठेचा दखीसनच व्हायरस पयी जाई!"

ठेचा बघूनच व्हायरस पळणार म्हणाले, तरीही एक कॉपी घेतली. डब्यातली भाकरीही अर्धी घेतली.

*

एका डाळ मिलमध्ये मी स्वतः डेमो द्यायला गेलो. मशीन तपासलं, एकही व्हायरस सापडला नाही. प्रामाणिकपणे म्हटलं, "शेठ, तुमचं मशीन एकदम स्वच्छ आहे."

शेठचा चेहरा पडला. "पलीकडच्या मिलमध्ये सापडला ना?"

"हो, तिथं दोन सापडले."

"मग आमच्याकडं का नाही? मशीन तर आमचं त्यांच्यापेक्षा महाग आहे!"

*

पुण्याहून हेड ऑफिसचे साहेब आले. टीमला प्रेरणा द्यायला. अर्धा तास इंग्रजीत बोलले आणि मग देवरेंकडे वळून म्हणाले, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"साक्रीत, साहेब. धुळ्याचं ऑफिस उघडतंय ना? बदलीचा अर्ज दिलाय!"

*

वंदना आली तेव्हा तिच्याकडे एक लुना होती आणि कॉम्प्युटरची उत्तम जाण. पहिल्याच आठवड्यात ती एका सराफाच्या पेढीवर गेली. मालक मान वर न करता म्हणाले, "ताई, तुमच्या मॅनेजरला पाठवा. मी मॅनेजरशीच बोलतो."

वंदनाने त्यांच्याच टेबलावरून मला फोन लावला. "सर, इथे मॅनेजर हवा आहे म्हणतात."

मी धुळ्याला निघालो होतो, घाईत होतो. म्हटलं, "मग तूच हो!"

तिने रिसीव्हर ठेवला. "मॅनेजर आलेत. बसू का?"

दुसऱ्या दिवशी मला तिची व्हिजिटिंग कार्डं छापून घ्यावी लागली.

*

आणि एका सकाळी हीच वंदना माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"सर, आपल्या डेमोच्या फ्लॉपीतच व्हायरस आहे."

ती फ्लॉपी आठवडाभरात नऊ मशीनांत फिरून आली होती! म्हणजे रोग आम्हीच वाटत सुटलो होतो.

देवरे हळूच म्हणाले, "साहेब, गप्प बसलो तर? तेच आपल्याला बोलावतील. नऊच्या नऊ ऑर्डरी!"

खोटं कशाला बोलू, तो विचार माझ्याही मनात आला होता. त्या तिमाहीचं टार्गेट डोक्यावर होतं. पण वंदनाने नऊ नावांची यादी उचलली आणि स्कार्फ बांधायला लागली. मी मुकाट्याने उठलो.

पहिलं नाव आबांचं. रावेरकडचे, एमआयडीसीत पाइपचा कारखाना. त्याच आठवड्यात डेमो बघून आमचा माल नको म्हणाले होते. वंदनाने सगळं सांगितलं. "चूक आमची आहे. मशीन आत्ता साफ करून देते," म्हणाली.

आबांनी विचारलं, "तुमी सांगितलं नसतं तं मले कयलं असतं का?"

"नसतं कळलं."

"मंग काहून सांगितलं?"

"मशीन तुमचं आहे, आबा."

आबा खुर्चीतून उठले. आता वॉचमनला हाक मारतात, असं वाटून मी बॅग उचलली. आबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला, घडी घालून घालून मऊ झालेली एक चिठ्ठी काढली आणि वंदनाच्या हातावर ठेवली.

"हा माह्या कॉम्प्युटरचा पासवर्ड. घरातबी कोनाले सांगितला नाही. तुह्याजवळ ठेव पोरी, मी इसरतो."