मनोरा डावीकडे होता

“तू पडद्याच्या मांगून बोल. आवाजाचा विटाळ होत नाई.”

वकीलसाहेबांच्या बाई असं म्हणाल्या आणि दिवाणखान्याच्या दारात ओली चादर ताणू लागल्या. रागानं नाही, हसून. मी मागच्या पडवीत उभी होते.

आम्ही सिंदी मेघेच्या महारवाड्यातले. बाबा वकीलसाहेबांच्या शाळेत चपराशी. मिशनच्या एका बाईंनी मला लहानपणी नागपूरला नेलं, इंग्रजी शाळेत घातलं. घरी परतले तेव्हा माझ्याजवळ एवढंच होतं, ते इंग्रजी.

त्या संध्याकाळी वकीलसाहेबांकडे युरोपातून एक पाहुणी आली होती. शेकडो वर्षं जुन्या विद्यापीठात शिकलेली. जादूच्या कंदिलानं ती त्या विद्यापीठाची चित्रं चादरीवर पाडून दाखवणार होती. ती इंग्रजीत सांगणार आणि ते मी मराठीत सांगायचं. वकीलसाहेबांना इंग्रजी येत होतं, पण गावातल्या प्रतिष्ठितांसमोर दुभाष्याचं काम त्यांना शोभणारं नव्हतं.

येताना बाबांनी बजावलं होतं, “इचारतीन तेवढंच बोलजो. मान वर करू नोको.”

चादर ओली केली की चित्र मागूनही दिसतं. केळझरच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आमची माणसं अशीच मागून बघायची. म्हणून मला त्यात काही नवं वाटलं नाही. हेही लिहायला हवं.

दिवे मालवले. चादरीवर एक दगडी कमान उमटली. कमानीतून चौक दिसत होता, चौकाभोवती खांबांच्या ओळी. मग एक जिना. पायऱ्या मधोमध खोलगट झिजलेल्या. पाहुणी म्हणाली, या पायऱ्या विद्यार्थ्यांच्या पायांनी झिजल्या आहेत. मी ते मराठीत सांगितलं. आवाज कापला. पलीकडून कोणीतरी “वा” म्हणालं. पुढचं वाक्य जरा नीट आलं. मग पुस्तकांची खोली आली, छतापर्यंत पुस्तकं, आणि मी पडवी विसरले. शेणाचा वास विसरले. मी त्या जिन्यावरून वर चालले होते.

पुढचं चित्र बाहेरून काढलेलं होतं. पाहुणी म्हणाली, डावीकडे घड्याळाचा मनोरा, उजवीकडे प्रार्थनामंदिर. मला मनोरा उजवीकडे दिसत होता. पाहुणी बोलण्याच्या ओघात चुकली असेल, असं मला वाटलं. मी दुरुस्त करून सांगितलं, “उजवीकडे घड्याळाचा मनोरा आहे.”

पलीकडे हसू फुटलं.

“इंग्रजी शाळेत गेली अन् डावा-उजवा हात इसरून आली,” शाळेच्या मास्तरांचा आवाज.

“किती शिकवा मास्तर, डोकं तेच राह्यते ना,” बाई म्हणाल्या. पुन्हा हसू.

पडवीच्या पायरीखाली, निंबाजवळ, बाबा पाहुणीच्या पेट्या राखत बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मान खाली घातली. आपणच काही सांडवल्यासारखी.

मी चित्राकडे पाहिलं. काय चुकलं ते शोधत होते. घड्याळात तीन असतात तिथे नऊ होते. आकडे उलटे होते. कमानीवरची अक्षरंही उलटी.

मी चुकले नव्हते. मला चुकीच्या बाजूला बसवलं होतं.

पाहुणीनं विचारलं, सगळे का हसले? वकीलसाहेबांनी इंग्रजीत सांगितलं, मुलगी गोंधळली. ती म्हणाली, मग तिला पुढे बोलवा ना, इथून नीट दिसेल.

वकीलसाहेब म्हणाले, ती फार लाजाळू आहे. तिला मागेच बसायला आवडतं.

मी लाजाळू आहे. ते खरं आहे. चार माणसांत मला बोलता येत नाही, वर बघता येत नाही. माझ्या त्या स्वभावाचं त्यांनी कुलूप केलं आणि मलाच लावलं.

इंग्रजीत जे बोललं जाईल ते मराठीत सांगायचं, हे माझं काम होतं. मी ते केलं. आवाज माझाच आहे की नाही, कळत नव्हतं.

“वकीलसाहेब पाहुणीला सांगतात, मुलगी लाजाळू आहे, तिला मागेच बसायला आवडतं. आवडतं, हे खरं नाही. मला मागे बसवलं आहे.”

कोणी हसलं नाही.

मी चादर बाजूला केली आणि आत गेले. मनोरा माझ्या लुगड्यावर पडला, तोंडावर पडला, डोळे दिपले. पायाखाली सतरंजी लागली. सतरंजीवरच्या बायकांनी पाय आखडून घेतले. मी वळून हात केला.

“डावीकडे.”

“बत्ती लावा,” वकीलसाहेब म्हणाले. चित्रं तिथेच थांबली.

परतीच्या वाटेवर बाबा पुढे चालत होते.

“काऊन गेली समोर?” न वळताच म्हणाले. “माही नोकरी गेली तं खाशीन काय?”

मी त्यांच्या मागोमाग चालत राहिले.

सकाळी वकीलसाहेबांचा गडी आला. अंगणाबाहेरूनच म्हणाला, “पोरीले घेऊन बलावलं. मांगच्या दारानं येजा. माफी मांगन तं पुढचं पाहू म्हणते.”

बाबांनी कमरेला शाळेचा पट्टा बांधला. बकल नीट लागेना.

“चाल माय. दोन शब्द बोल अन् मोकळी हो.”

मी केस विंचरले आणि निघाले. वकीलसाहेबांच्या वाड्यापाशी बाबा सवयीनं मागच्या बोळाकडे वळले. मी वळले नाही. त्यांनी हाक मारली, हळूच, कोणी ऐकेल म्हणून.

“अवो, इकडून.”

मी पुढच्या दारापाशी गेले. बाबांची नोकरी जाईल, हे मला कळत होतं. गेली तर कमवायचं मला, तेही कळत होतं. शिकवण्या करीन, दारोदार फिरीन, इंग्रजी वाचून दाखवीन, पण समोर बसून. माफी मागणार नाही. मागून एक शब्दही बोलणार नाही, कुणासाठीच नाही.

कडी वाजवली. आत पावलं वाजली आणि थांबली. दार उघडलं नाही.

मी पुन्हा वाजवली, जोरानं.